आधी काय आणि मग काय

शिंप्याला भलत्याच माणसाच्या नंबरचा चष्मा मिळाला, तिथून सगळं सुरू झालं. नवा चष्मा डोळ्यांवर चढवून तो ऐटीत दुकानाबाहेर पडला, पायऱ्या संपल्या तरी आणखी एक आहे असं समजून त्यानं पाय टाकला आणि समोरच्या फळवाल्याच्या टोपलीत जाऊन बसला. लागलं काही नाही. पण रस्त्यावरची माणसं हसली आणि शिंप्याला त्याचाच राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चष्मा हातात घेऊन दुकानात हजर झाला. चष्मेवाले त्याची समजूत काढत होते. काउंटरवर लॅपटॉप उघडून ताई बसली होती आणि तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती. धाकटीला घरीदारी सगळे बारकीच म्हणत.

दोघी बहिणी मिळून ब्राउझरची एक्स्टेंशनं बनवत. ब्राउझरला वरून जोडायचा छोटासा प्रोग्राम, माणसाचं कटकटीचं काम परस्पर उरकणारा. चष्मेवाल्यांचं एक्स्टेंशन तसं साधंच होतं. तपासणी झाली की ते पेशंटच्या नावावर क्लिक करत. एक्स्टेंशन पानावरून त्याचा नंबर वाचून घेई आणि काचा घासणाऱ्या कारखान्याला ऑर्डर पाठवून देई. त्यातला नंबर वाचणारा पुढचा भाग ताईनं लिहिला होता. तो नंबर घेऊन ऑर्डर पाठवणारा मागचा भाग बारकीचा. शिंप्याच्या ऑर्डरीत त्याच्या आधी तपासलेल्या एका शाळकरी मुलीचा नंबर गेला होता, आणि तो कुणाच्या भागामुळे गेला एवढाच काय तो प्रश्न होता.

ताईला हा प्रश्न वाटतच नव्हता. त्या ऑर्डरीच्या वेळच्या कन्सोलमधल्या ओळी तिनं जपून ठेवल्या होत्या. प्रोग्राम आपण काय काय करतोय ते ज्या खिडकीत बोलून दाखवतो, ती खिडकी म्हणजे कन्सोल. तिनं लॅपटॉप चष्मेवाल्यांकडे फिरवला.

"हे बघा. ही वरची ओळ काय म्हणते? ऑर्डर पाठवली. आणि नंबर कुणाचा? त्या मुलीचा. आता खालची ओळ बघा. नंबर वाचला, आणि हा नंबर यांचा." तिनं शिंप्याकडे मान वळवली. "म्हणजे यांचा नंबर वाचून व्हायच्या आधीच ऑर्डर रवाना झाली. जुना नंबर पडून होता, तोच दिला ठोकून."

"म्हणजे घाई झाली," चष्मेवाले म्हणाले.

"घाईच. मागच्या भागाची."

मागचा भाग कुणाचा ते चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. त्यांनी बारकीकडे बघितलं. शिंप्यानंही बघितलं. दुकानात चारी भिंतींना आरसे, त्यामुळे तिनं नजर कुठंही वळवली तरी कुणी ना कुणी तिच्याकडे बघतच होतं.

"पण मी थांबते," बारकी म्हणाली. आवाज इतका बारीक की चष्मेवाले पुढं झुकले. "नंबर हातात आल्याशिवाय मी पाठवतच नाही. मी तसंच लिहिलंय. मला आठवतंय, ताई."

यावर ताईला पुष्कळ काही बोलता आलं असतं. घरी जाऊन बघू म्हणता आलं असतं. गप्प बसायचं तर काहीच कष्ट नव्हते. पण समोर गिऱ्हाईक, हातात पुरावा आणि वर थोरलेपण, असा सगळा योग जुळून आला होता.

"तुला आठवतंय," ती म्हणाली. "आणि हे इथं लिहिलेलं आहे."

बारकीनं स्क्रीनकडे पाहिलं. वरची ओळ वाचली, खालची वाचली. तिचे ओठ हलले. मग तिनं मान डोलावली.

"हो," ती म्हणाली. "मीच उलटं केलं असणार."

वाद घातला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. ताईला तेव्हा हायसं वाटलं. निघताना बारकी पायरीवर चप्पल शोधत होती, तेवढ्यात ताईनं चष्मेवाल्यांना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "मनावर घेऊ नका. मागे तिला मेंदूचा ताप येऊन गेलाय. तेव्हापासून जरा इकडचं तिकडं होतं. यापुढे तिचं काम मी स्वतः तपासून देत जाईन."

चष्मेवाले भले गृहस्थ. "अरेरे," म्हणाले ते, "बोलायचं नाही का आधी!"

ताप आला होता हे खरं. त्या तापातून बारकी उठली तेव्हा तिला माणसं ओळखू येत होती, शब्द आठवत होते, गाणी तोंडपाठ होती. विस्कटला होता तो फक्त क्रम. ती आधी अंग पुसायची आणि मग नळ सोडायची. काल घडलेली गोष्ट उद्या व्हायची आहे म्हणून तिची तयारी करायची. आई तिच्यामागे सावलीसारखी फिरे. गॅस बंद केलास का, दाराला कडी घातलीस का, हे घरात इतक्या वेळा विचारलं जाई की शेजारीसुद्धा आपापला गॅस बघून येत.

मग बारकीनं स्वतःच एक सवय लावून घेतली. कुठलंही काम करताना ती पुटपुटायची. आधी पातेलं, मग पाणी. आधी गॅस, मग चहापत्ती. हळूहळू घडी बसली. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांची गरज नाही. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, बोलता बोलता मान टाकायची. त्या सुटल्या तेव्हा आईनं देवासमोर बसावं तसं डॉक्टरांसमोर हात जोडले होते.

ताईनं तिला आपल्या कामात घेतलं ते त्यानंतर. प्रोग्राम लिहिणं म्हणजे तरी काय, आधी काय आणि मग काय हे न कंटाळता सांगत बसणं. बारकीला ते असं काही जमलं की तिचं तिलाच नवल वाटलं. चष्मेवाल्यांचा मागचा भाग तिनं एकटीनं लिहिला. आजारानंतर कुणीही न तपासलेली तिची ती पहिली गोष्ट. "ताई, तू बघूसुद्धा नकोस," ती म्हणाली होती, आणि ताईनं शब्द पाळला होता. बघितलंच नव्हतं. त्या दिवशी दुकानात तिच्यावर बोट ठेवतानाही बघितलेलं नव्हतं.

दुकानातून घरी आल्यावर बारकीनं चहा टाकला. ताई टेबलापाशी बसून ईमेल वाचत होती. काहीतरी चुकल्यासारखं वाटून तिनं वर बघितलं. स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू येत नव्हतं.

"ताई," आतून हाक आली, "मी साखर घातली का गं?"

"मला काय माहीत? चाखून बघ."

थोड्या वेळानं बारकी दोन कप घेऊन आली. चहात साखर दोनदा पडली होती. ताईनं तो मुकाट्यानं प्यायला आणि असा चहा पिण्यात आपण फार मोठा समजूतदारपणा दाखवतोय असंही तिला वाटून गेलं.

"माझा भाग तूच लिहून टाक," बारकी म्हणाली. "उगाच आणखी कुणी पडायला नको. आणि उद्या मी आईबरोबर डॉक्टरांकडे जाऊन येते. परत सुरू झालंय बहुतेक."

"इतकं काही मनाला लावून घेऊ नकोस."

"लावून नाही घेत. पण मला अगदी स्वच्छ आठवत होतं बघ, की मी थांबते. इतकं स्वच्छ आठवतंय आणि तेच खोटं निघालं, म्हणजे बाकीचंही बघायला हवं ना."

ताई म्हणाली, "जाऊन ये. बरं वाटेल तुला."

दुसऱ्या दिवशी आई आणि बारकी घराबाहेर पडल्यावर ताईनं बारकीचा भाग उघडला. पहिल्यांदाच. दुरुस्त करायचा म्हणून उघडला आणि वाचायला लागली.

दुरुस्त करायला काही सापडेना. ओळीगणिक नीट मांडलेलं काम होतं. नंबर येईपर्यंत थांब. आलेला नंबर रिकामा नाही ना बघ. पेशंटचं नाव जुळतंय ना बघ. मग पाठव. नंबर न येता ऑर्डर निघायला त्यात फटच नव्हती. ताईनं परत वाचलं, मग उलटीकडून वाचलं. नंबर जर बारकीला मिळालाच नव्हता तर ऑर्डर जाणं शक्य नव्हतं, आणि ऑर्डर तर गेली होती.

कुठंतरी लपलेली चूक असणार, अशी तिची अजूनही खात्री होती. ती शोधायची, चष्मेवाल्यांना दाखवता येईल अशी शोधायची, म्हणून तिनं दोन्ही भागांत बोलणाऱ्या प्रत्येक ओळीला घड्याळ बांधलं. ओळ जिथं जन्मेल तिथंच तिच्यावर वेळेचा शिक्का बसेल, असं. मग इंटरनेट मुद्दाम मंद करून तिनं पेशंट बदलून बघितले. काही वेळा सगळं सुरळीत गेलं. मग एकदा शिंप्याचंच नाटक पुन्हा घडलं. वर ऑर्डर पाठवली, खाली नंबर वाचला. अगदी कालच्यासारखं.

फक्त खालच्या ओळीवरची वेळ वरच्या ओळीच्या आधीची होती.

ताईनं ते दोन शिक्के पुन्हा वाचले. आणि मग तिला टपाल आठवलं.

एक्स्टेंशनचे दोन भाग म्हणजे दोन वेगळ्या खोल्या. प्रत्येकाचा कन्सोल वेगळा. दोन खिडक्यांत डोकावत बसायचा ताईला वैताग, म्हणून सुरुवातीलाच तिनं आपल्या सोयीसाठी एक छोटी फाइल लिहिली होती. नाव दिलं होतं टपाल. पुढच्या भागात ताईच्या ज्या ओळी उमटतील त्या हे टपाल गोळा करायचं, क्षणभर साठवायचं आणि गठ्ठा करून बारकीच्या खिडकीत नेऊन टाकायचं. बारकीच्या ओळी मात्र तिथल्या तिथं उमटत. म्हणजे ताईची प्रत्येक ओळ उशिरा पोचणार, हे ताईनंच ठरवून ठेवलं होतं. पोचलेल्या क्रमालाच घडल्याचा क्रम समजून तिनं बहिणीला चारचौघांत खोटं पाडलं होतं.

आणि एवढ्यावरही भागणार नव्हतं. ताईच्या भागानं वाचलेला नंबर त्या मुलीचाच होता. पेशंटचं नाव बदललं की लगेच ती नंबर वाचत होती. पानावर नवा नंबर यायला एखादी पापणी लवण्याइतका वेळ लागे, तेवढंही ती थांबत नव्हती. जुना नंबर उचलून तिनं बारकीच्या हातात दिला, बारकीनं तो इमानानं पुढं धाडला. त्यानंतर पानावर शिंप्याचा नंबर आला आणि ताईच्या भागानं त्याच रकान्यात जुन्यावर तो लिहिला. टपालाचा गठ्ठा निघाला तो त्याच्याही नंतर. गठ्ठ्यात नंबर नव्हताच, फक्त रकान्याचा पत्ता होता, आणि निघताना टपालानं रकान्यात बघितलं तर तिथं शिंप्याचा नंबर. म्हणून तिची ओळ अशी साळसूद दिसत होती. घाई झाली होती ती पुढच्या भागाची.

ताईचे कान तापले. घरात कुणी नव्हतं, तरी तिनं पदर तोंडावर ओढून घ्यावा तसा ओढणीचा शेव तोंडाला लावला. तिला लाज वाटली, आणि ती चूक झाल्याची लाज नव्हती. चुका काय, तिच्या हातून पैशाला पासरी होत. लाज होती ती त्या एका वाक्याची. तुला आठवतंय, आणि हे इथं लिहिलेलं आहे.

आणि तरीसुद्धा, माणूस किती हलकं असावं बघा, त्या लाजेतच तिला एक वाट दिसली. आपल्या भागात एक थांबा घालायचा, टपाल काढून टाकायचं, एवढंच. दुरुस्ती झाली असं सांगितलं की चष्मेवाले खूश. कुठला भाग दुरुस्त झाला हे विचारणार कोण? बारकीला म्हणता येईल, अगं झालं सगळं, तू कशाला काळजी करतेस. तिनं थांबा घातलासुद्धा. टपाल पुसायला बोट उचललं आणि तिच्या लक्षात आलं की हे पुसलं की बारकी खरं बोलत होती याचा या जगात काहीच पुरावा उरणार नाही. बारकीनं स्वतः तर ते आपल्या मनातून आधीच पुसून टाकलं होतं.

तिनं लॅपटॉप मिटला, बगलेत मारला आणि निघाली.

दवाखान्याच्या वाटेवर दुकान लागत होतं. टाळायचं म्हटलं असतं तर मागचा रस्ता होता. ताई पुढूनच गेली. शिंपी तिथंच होता. नवा, त्याचा स्वतःचा चष्मा नाकावर बसवून घेत होता.

"चूक माझी होती," ताई दारातच म्हणाली. बसून सांगायला गेलं तर जीभ रेटणार नाही हे तिला कळत होतं. "माझा भाग थांबत नव्हता. माझ्या बहिणीचा थांबत होता. काल ती म्हणाली तेच खरं. तुम्हाला दाखवलेल्या ओळी उलट्या पोचल्या होत्या, आणि त्या उलट्या पोचवण्याची सोय मीच करून ठेवलेली."

शिंप्यानं नव्या चष्म्यातून तिला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. "म्हणजे टोपलीत मला तुम्ही बसवलंत," तो म्हणाला.

"हो. मीच."

चष्मेवाले मात्र हातातला रुमाल काचेवर फिरवायचा थांबले. त्यांचा चेहरा अवघडल्यासारखा झाला. "अहो, पण मी तर कारखान्यात कालच फोन करून सांगितलं. म्हटलं पोरीला मागे डोक्याचा आजार झालाय, ऑर्डरी जरा बघून घेत जा, समजून घ्या. चांगल्या हेतूनंच सांगितलं हो मी."

"तुम्हाला मीच सांगितलं होतं," ताई म्हणाली. "आता तुमच्यासमोर मी कारखान्यात फोन करते."

तिनं केला. पलीकडच्या माणसाला एक्स्टेंशन ठाऊक नव्हतं, कन्सोल ठाऊक नव्हता, बारकी कोण तेही नीटसं ठाऊक नव्हतं. "असू द्या हो," तो म्हणाला, "त्या आजारी बाईंचंच ना? आम्ही घेऊ सांभाळून." ताईनं त्याला परत पहिल्यापासून सांगितलं. तो पुन्हा असू द्या म्हणाला. ती फोन ठेवून बाहेर पडली तेव्हा शिंप्यासमोर तिला मान वर करवेना.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर आई आणि बारकी बसल्या होत्या. बारकीच्या हातात औषधांची कागदी पिशवी होती. पिशवीवरचं नाव ताईनं लांबूनच ओळखलं. पेंगायला लावणाऱ्या त्याच गोळ्या.

"डॉक्टर नको म्हणत होते," आई म्हणाली. "हिनंच हट्ट केला. म्हणे बहिणीनं लिहिलेलं दाखवलं, आता माझा माझ्यावर भरवसा नाही. घेतली एक तिथंच."

ताई बारकीसमोर उकिडवी बसली. "बारके, ऐक. तू उलटं काहीच केलं नव्हतंस. तू थांबत होतीस. चूक माझ्या भागात होती. मी आत्ता दुकानात जाऊन सगळ्यांना सांगून आले."

बारकी हसली. आजारपणात शिकलेलं हसू होतं ते, भेटायला येणाऱ्यांसाठीचं.

"खरंच? का मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच गं. देवाशपथ."

"आजारात पण तुम्ही सगळे शपथा घ्यायचात. बारके, काही चुकलं नाही तुझं, म्हणायचात. आणि मी पाठ वळवली की नळ बंद करायला धावायचात." ती हे रागानं बोलत नव्हती, नुसतं सांगत होती.

ताईनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला, मांडीवर टेकवला, तिच्याकडे फिरवला. "हे बघ. ही ओळ, आणि ही. वर वेळ बघ. खालची आधीची आहे. दिसतंय? हे इथं..."

पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले. बारकी वाचत होती. वरची ओळ वाचली, खालची वाचली, तिचे ओठ हलले. मग तिनं मान वर केली.

"काल पण तू असंच दाखवलं होतंस, ताई."

ताईनं लॅपटॉप मिटला. बाकावर बारकीच्या शेजारी, जराशी जागा करून घेऊन बसली. तिला रडू येत होतं, पण इथं रडली असती तर बारकीच तिची समजूत काढत बसली असती, आणि तेवढी लाज तिच्यापाशी अजून होती.

"नको बघूस ते," ती म्हणाली. "तुझा भाग कसा चालतो ते तू सांग. तुला आठवतंय तसं. मी मध्ये बोलणार नाही."

बारकीनं औषधांची पिशवी मांडीवर ठेवली. गोळीचा अंमल चढायला लागला होता, पापण्या जड झाल्या होत्या. मग ती पुटपुटायला लागली.

"आधी मी थांबते. नंबर येतो. मग तो रिकामा नाही ना बघते. मग नाव जुळतंय का बघते." मध्येच अडली. आईनं तोंड उघडलं, ताईनं तिचा हात दाबला. "नाव जुळलं तर... तर मग पाठवते. आधी नाही पाठवत."

एकही पायरी चुकली नव्हती. एकही इकडची तिकडं झाली नव्हती. आणि हे सगळं नीट सांगून झाल्यावर बारकीनं पेंगुळलेले डोळे ताणून ताईकडे बघितलं.

"बरोबर आहे का गं?" तिनं विचारलं.